ज्येष्ठांच्या जुनाट दुखण्यावर मुलाखतींचं संशोधन: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

समाजकार्य, नर्सिंग, फिजिओथेरपी, मानसशास्त्र, समाजशास्त्र अशा कुठल्याही शाखेत प्रबंधासाठी हा विषय पुष्कळ जण घेतात. वरवर सोपा वाटतो. माणसं सहज भेटतात, बोलायला त्यांच्याकडे वेळ असतो आणि दुखणं तर बहुतेकांनाच असतं. मग पंधरा मुलाखती होतात आणि लिहायला बसल्यावर लक्षात येतं की पंधराही जणांनी एकच सांगितलंय: ‘गुडघे दुखतात, वय झालं, चालायचंच.’ यात सांगणाऱ्यांची काही चूक नसते. विचारणाऱ्याचं चुकलेलं असतं, आणि तेही बहुतेक वेळा मुलाखतीच्या कितीतरी आधी, प्रस्ताव लिहितानाच.

खालच्या पायऱ्या मुलाखतींवर आधारलेल्या गुणात्मक संशोधनासाठी आहेत. सर्वेक्षण करून टक्केवारी काढणाऱ्यांची वाट वेगळी, पण पायरी ५ त्यांनीही वाचावी.

१. ‘जुनाट’ म्हणजे किती आणि ‘ज्येष्ठ’ म्हणजे कोण, हे आधी कागदावर उतरवा

तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकणारी किंवा परत परत येणारी वेदना म्हणजे जुनाट वेदना. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात तिला एमजी ३० हा संकेतांक आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात एक भेद केलेला आहे जो तुम्हाला कामाला येईल: संधिवात, कर्करोग, मज्जातंतूची इजा अशा दुसऱ्या कारणामुळे येणारी वेदना वेगळी, आणि जिथे वेदना हाच मुळात आजार मानला जातो ती वेगळी. दुसऱ्या प्रकारची माणसं ‘रिपोर्ट सगळे चांगले आहेत’ हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकत असतात. त्यांचं सांगणं पुराव्याच्या सुरात येतं, आणि ते तसं का येतं हे तुम्हाला आधीच माहीत असलं पाहिजे.

आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. व्याख्येला जोडलेल्या टिपांपैकी दोन प्रस्तावात जरूर घ्या. एक, माणसाने स्वतःच्या वेदनेबद्दल जे सांगितलं त्याचा मान राखावा. दोन, सांगता येत नाही म्हणजे वेदना नाही असं होत नाही. परीक्षक ‘खरंच दुखतंय हे कशावरून?’ असं विचारतात, तेव्हा उत्तर इथूनच द्यायचं असतं.

निवडीच्या अटींमध्ये एवढं स्पष्ट हवं: किमान वय (६० की ६५), आठवड्यातले किती दिवस दुखतं, कर्करोगाची वेदना धरणार की नाही, गेल्या तीन महिन्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांचं काय, स्मृतिभ्रंश असलेल्यांना घेणार का. वरचं वय मात्र मोकळं सोडून ६२ आणि ८८ वर्षांच्या माणसांना एकाच पोत्यात भरू नका. ६२ चा माणूस कालपरवापर्यंतच्या स्वतःशी तुलना करतो. ८८ चा माणूस गेलेल्या सोबत्यांशी करतो आणि म्हणतो, ‘माझं बरंच म्हणायचं.’ ६०–७४, ७५–८४ आणि ८५ च्या पुढे असे गट करा, नाहीतर एकच गट घ्या.

२. प्रश्नातून ‘परिणाम’ हा शब्द काढा

‘ज्येष्ठांच्या जीवनमानावर जुनाट वेदनेचा काय परिणाम होतो?’ या प्रश्नाचं उत्तर संशोधन न करताही सांगता येतं: वाईट होतो. शिवाय ‘परिणाम’ म्हटलं की मोजमाप आलं, आणि बारा मुलाखतींतून मोजमाप होत नसतं.

त्यापेक्षा असे प्रश्न घ्या: एकटे राहणारे ७५ वर्षांवरचे लोक दुखणाऱ्या दिवसाची आखणी कशी करतात? किती दुखलं की सांगायचं आणि किती दुखलं तरी गप्प बसायचं, हे कशावरून ठरतं? गोळी घ्यायची की सोसायचं, याचा हिशेब मनात कसा चालतो?

वाचनाची सुरुवात एका जुन्या वादापासून केलेली बरी. मायकेल बरी या समाजशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये संधिवाताच्या रुग्णांशी बोलून मांडलं की जुनाट आजार माणसाच्या आयुष्याची ठरलेली गोष्ट मध्येच तोडतो. पुढच्या संशोधकांनी विचारलं, म्हातारपणी हे लागू होतं का? ज्याने दुखणं येणारच असं धरलेलं असतं, त्याची गोष्ट तुटते की ती त्याच गोष्टीत बसते? तुमच्या मुलाखतींमधलं ‘चालायचंच’ नेमकं या वादात जाऊन बसतं. मुलाखतींआधी हे वाचलेलं असेल तर त्या शब्दापाशी थांबायला सुचतं. नसेल तर तो शब्द ऐकून तुम्ही पुढच्या प्रश्नावर उडी मारता.

पद्धतीबद्दल थोडक्यात. पहिल्याच वेळी आशयसूत्रांचं विश्लेषण (थीमॅटिक अॅनालिसिस, म्हणजे मुलाखतींत परत परत येणारी सूत्रं शोधणं) घ्या. ब्राउन आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडलेल्या सहा टप्प्यांवर ते चालतं आणि परीक्षकांच्या ओळखीचं असतं. पाच-सहा माणसांच्या अनुभवात फार खोल जायचं असेल तर अनुभवार्थ-विश्लेषणाची (इंग्रजीत आयपीए; त्या माणसाने आपल्या अनुभवाचा काय अर्थ लावला ते शोधणं) वाट धरा. आधारसिद्ध सिद्धांताची पद्धत (ग्राउंडेड थिअरी, म्हणजे मिळालेल्या माहितीतूनच सिद्धांत उभा करणं) ग्लेझर आणि स्ट्रॉस यांची, १९६७ ची. तिच्यात मुलाखती आणि विश्लेषण आळीपाळीने करावं लागतं, आणि प्रबंधाच्या मुदतीत ते बहुधा बसत नाही.

३. नैतिक समितीची परवानगी

परवानगीचं पत्र हातात येण्याआधी एकाही व्यक्तीला ‘सहज’ म्हणून विचारू नका. त्या गप्पा नंतर माहिती म्हणून वापरता येत नाहीत, आणि नेमकं सगळ्यात चांगलं वाक्य त्याच गप्पांत आलेलं असतं. समितीपुढे साधारण एवढं लागतं:

- संशोधन प्रस्ताव आणि वेळापत्रक
- माहितीपत्रक (मोठा टाईप, १६ पॉइंट किंवा त्याहून मोठा, दोन पानांच्या आत)
- संमतीपत्रक, त्यात ध्वनिमुद्रणासाठी वेगळी सही
- सही करता न येणाऱ्यांसाठी अंगठा आणि साक्षीदाराची सोय
- प्रश्नसूची
- त्रास झाल्यास काय करणार याची लेखी योजना
- ध्वनिफिती कुठे, किती काळ आणि कोणाच्या ताब्यात राहणार, कधी पुसणार
- ज्या संस्थेतून माणसं मिळवणार तिचं परवानगीपत्र

संमती घेताना ‘समजलं ना?’ विचारू नका. सगळे ‘हो’ म्हणतात. तीन गोष्टी त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावा: हे कशासाठी आहे, मध्येच थांबायचं असेल तर काय करायचं, आणि यातून तुमच्या औषधपाण्यात काही बदल होणार आहे का. तिसऱ्या प्रश्नावर अडखळणारे बरेच निघतात, कारण कागदपत्रं घेऊन आलेला आणि दुखण्याबद्दल विचारणारा माणूस डॉक्टरांकडूनच आलाय असं वाटणं साहजिक आहे. तो गैरसमज राहू दिला तर पुढची सगळी मुलाखत तक्रारअर्जासारखी होते. आणि संमती एकदा घेऊन संपत नाही. दुसऱ्या बैठकीला परत विचारा.

घरच्यांची परवानगी म्हणजे त्या व्यक्तीची संमती नव्हे. ‘बाबा बोलतील, मी सांगतो त्यांना’ यात बाबांना कोणी विचारलेलंच नसतं.

त्रास झाल्यासची योजना हा समितीला दाखवायचा कागद म्हणून लिहू नका, कारण तो खरंच वापरावा लागतो. त्यात चार प्रसंग हवेत. ‘आता सुटका झाली तर बरं’ असं कोणी म्हणालं, तर ती बोलण्याची रीत आहे की जीव द्यायचा विचार आहे हे सरळ विचारायचं, आणि विचार असेल तर तिथून उठण्याआधी मदतीच्या माणसाशी जोडून द्यायचं. घरात मारहाण, उपासमार, औषध अडवून ठेवणं असं कळलं तर कोणाला सांगणार, आणि गुप्ततेचं वचन तिथे कुठे संपतं हे माहितीपत्रकात आधीच लिहायचं. कंबरदुखीबरोबर नव्यानेच लघवी अडणं किंवा नकळत होणं, बैठकीच्या भागात बधिरपणा, पायांतली ताकद जाणं असं सांगितलं तर तीच तातडीने डॉक्टरकडे न्यायची वेळ, मुलाखत बंद. चौथा प्रसंग औषधांचा. दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या प्रत्यक्षात एकच औषध असतं आणि माणूस दोन्ही घेत असतो, हे ऐकून तुम्ही सल्ला द्यायचा नाही, पण गप्पही बसायचं नाही. ‘या दोन्ही चिठ्ठ्या एकत्र डॉक्टरला दाखवा’ एवढं म्हणायचं आणि वहीत तशी नोंद करायची.

४. माणसं मिळवणं

वेदना उपचार केंद्रातून सगळी माणसं घेतलीत तर उपचार घेणाऱ्यांचाच अनुभव मिळतो. जे डॉक्टरकडे जाणं सोडून बसलेत, जे घराबाहेर पडू शकत नाहीत आणि ज्यांना आपलं दुखणं सांगण्यासारखं आहे असं वाटतच नाही, ते या चाळणीतून गळतात. निदान तीन वेगवेगळ्या वाटांनी शोधा: दवाखाना, ज्येष्ठांचे गट, आणि घरोघरी जाणारे आरोग्यसेवक. पुरुष कमी मिळतात. त्यांच्यासाठी जागा आधीच राखून ठेवा.

आवाहनाच्या शब्दांवर बरंच अवलंबून असतं. ‘जुनाट वेदनाग्रस्त ज्येष्ठ नागरिक हवेत’ या पत्रकाला कोणी उत्तर देत नाही, कारण स्वतःला वेदनाग्रस्त कोणी म्हणवून घेत नाही. ‘तीन महिन्यांपासून कुठे ना कुठे दुखतंय? तुमचा दिवस कसा जातो ते ऐकायचं आहे’ असं लिहा.

किती माणसं? बऱ्यापैकी सारखी पार्श्वभूमी असलेल्या गटात पहिल्या बारा मुलाखतींतच बहुतेक सूत्रं येऊन गेल्याचं गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी २००६ मध्ये दाखवलं. तेव्हापासून ‘बारा’ हा आकडा मंत्रासारखा म्हटला जातो. पण त्यातली ‘सारखी पार्श्वभूमी’ ही अट गाळून चालत नाही. तीन वयोगट, स्त्री-पुरुष, एकटे आणि कुटुंबात राहणारे असं सगळं एकदम घेतलंत तर बारात प्रत्येक कप्प्यात एकच माणूस येतो. त्यापेक्षा कप्पे कमी करा.

नकार देणाऱ्यांची संख्या आणि त्यांनी दिलेलं कारण पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. शेवटी हे आठवून लिहिता येत नाही.

५. शब्दांची पूर्वतयारी

इथे घालवलेला आठवडा पुढचे दोन महिने वाचवतो.

‘वेदना’ हा पुस्तकातला शब्द आहे. ‘वेदना होतात का?’ विचारलं की ‘नाही, तेवढं काही नाही’ असं उत्तर येतं, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की वेदना म्हणजे ओरडण्याइतकं काहीतरी. ‘दुखतं का?’ विचारलं की ‘ते तर रोजचंच.’ माणूस तोच, दिवस तोच, उत्तरं दोन.

मग ‘दुखणं’ वापरावं तर त्याचा दुसरा अर्थ आडवा येतो. मराठीत दुखणं म्हणजे वेदना आणि दुखणं म्हणजे आजारही. ‘तुमचं दुखणं कधीपासूनचं?’ याला ‘साखर बारा वर्षं झाली’ असं उत्तर मिळालं तर दोष तुमचा. ‘त्रास’ त्याहून सैल: पोटाचा, झोपेचा, शेजाऱ्यांचा, सगळा त्यात मावतो. तेव्हा पहिल्या प्रश्नात नुसतं नाम वापरूच नका. ‘अंगात कुठे कुठे दुखतं?’ असं क्रियापद घ्या आणि समोरच्याने जो शब्द वापरला तोच पुढे तुम्ही धरा.

वेदनेच्या जातींसाठी मराठीत भरपूर शब्द आहेत. ते ओळखता आले पाहिजेत:

- ठणका, ठसठस: ठोक्यासारखी, उसळत राहणारी
- कळ: अचानक उठते, जीव घेते, जाते
- चमक, उसण: हालचालीसरशी भरणारी
- आग, चुरचुर, मुंग्या, सुया टोचणं, बधिरपणा: एक वेगळं कुटुंब, मज्जातंतूंच्या वेदनेत हे शब्द बऱ्याचदा एकत्र येतात
- अवघडणं, आखडणं, ‘कंबर धरली’: वेदनेपेक्षा अडकल्याची भावना
- भरून येणं, गोळे येणं, अंग मोडून येणं
- सल: शरीरातला की मनातला, हे विचारल्याशिवाय कळत नाही

शब्दावरून निदान करायला जाऊ नका. काम एवढंच की ‘ठणकतं’ म्हणणाऱ्याच्या उताऱ्यात तुम्ही ‘दुखतं’ लिहून ठेवायचं नाही.

रोनाल्ड मेलझॅक यांची १९७५ ची मॅकगिल वेदना प्रश्नावली ७८ इंग्रजी शब्द २० गटांत मांडते. ती स्वतः घरी बसून मराठीत उतरवून ‘प्रमाणित प्रश्नावली वापरली’ असं लिहिणं ही या विषयातली नेहमीची चूक. ‘ठणका’ या एकाच शब्दात तिथले दोन-तीन शब्द येतात आणि ‘भरून येणं’ कुठल्याच खान्यात बसत नाही. भाषांतर, उलट भाषांतर (मराठीवरून परत इंग्रजीत) आणि प्रत्यक्ष माणसांवर पडताळणी झालेली आवृत्ती मिळाली तरच प्रश्नावली वापरा, नाहीतर वगळा.

शून्य ते दहाच्या पट्टीबद्दलही तेच. काही जण तिला परीक्षेच्या गुणांसारखं घेतात आणि ‘पाच’ म्हणजे ‘मधलंच काहीतरी, उगाच जास्त कशाला सांगा’ असं धरतात. १०० मिलिमीटरच्या कोऱ्या रेघेवर खूण करणं तर ज्येष्ठांना सगळ्यात जड जातं. शब्दांची शिडी बहुतेकांना जमते: दुखत नाही, थोडं, मध्यम, खूप, फार खूप, सहन होत नाही. बसल्या जागी किती आणि उठताना-चालताना किती, हे दोन वेगळे प्रश्न. खुर्चीत बसलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारला तर तो खुर्चीतलं उत्तर देतो. आणि हे सगळं मुलाखतीच्या शेवटी घ्या. सुरुवातीला आकडा विचारला की माणूस रुग्ण होऊन बोलायला लागतो.

६. प्रश्नसूची: दुखण्याबद्दल विचारू नका, दिवसाबद्दल विचारा

‘किती दुखतं?’ हा डॉक्टरचा प्रश्न. तुम्हाला दिवस हवा आहे. आठ-दहा प्रश्न पुरतात:

1. काल सकाळी जाग आल्यापासूनचा दिवस सांगा.
2. अंथरुणातून उठताना आधी काय करता, मग काय?
3. काल करायचं होतं पण राहून गेलं असं काही?
4. दुखत असूनही केलंच असं काही?
5. तुम्ही न सांगताही कोणाला कळतं? सांगूनही कोणाला कळत नाही?
6. कोणाला सांगायचं टाळता?
7. डॉक्टरकडे शेवटचं गेलात तेव्हा काय सांगितलंत? सांगायचं काय राहिलं?
8. गोळ्या, मलम, शेक, पट्टा, काठी, व्यायाम: काय चालू ठेवलं, काय सोडलं, कधी?
9. रात्र कशी जाते?
10. पुढच्या वर्षाचा विचार करता तेव्हा काय दिसतं?

क्रमांक ८ वर जास्तीत जास्त वेळ द्या. कपाटात पडलेला पट्टा आणि दाराआड उभी केलेली काठी या वस्तूंमधून जेवढं कळतं तेवढं थेट विचारून कळत नाही. ‘ती काठी दाखवता का?’ म्हणा आणि मग ऐका.

‘का’ने सुरू होणारा प्रश्न झाडाझडतीसारखा लागतो. ‘डॉक्टरकडे का गेला नाहीत?’ याऐवजी ‘जायचं मनात आलं होतं का? मग काय झालं?’ असं विचारा. पाठपुराव्यासाठी ‘म्हणजे कसं?’ हे दोन शब्द पुष्कळ झाले. ‘चालायचंच’ आलं की मान डोलवू नका: ‘चालायचंच असं कधीपासून वाटायला लागलं?’ विचारा आणि पाच-सात सेकंद गप्प बसा. नवखा माणूस दोन सेकंदांत पुढचा प्रश्न विचारतो. ‘हो ना, माझ्या आजीलाही असंच होतं’ हेही नको. त्यानंतर समोरचा माणूस आजीची चौकशी करायला लागतो.

हाक कशी मारायची ते आधी विचारून घ्या. ६३ वर्षांच्या गृहस्थांना ‘आजोबा’ म्हटलं की मुलाखत तिथेच अर्धी संपते.

प्रश्नसूची आधी दोन जणांवर वापरून बघा. त्या मुलाखती अंतिम माहितीत धरणार की नाही हे प्रस्तावातच लिहा.

७. मुलाखतीचा दिवस

बरोबर न्यायच्या वस्तू: दोन ध्वनिमुद्रक (एक फोन चालेल, विमान-मोडवर), जादा बॅटरी, संमतीपत्रकाच्या दोन प्रती, पुढून-मागून शरीराची कोरी आकृती, शब्दांच्या शिडीचं मोठ्या अक्षरातलं कार्ड, जाड पकडीचं पेन (बोटांत संधिवात असेल तर बारीक पेन धरवत नाही), मदतीच्या क्रमांकांची यादी, वही.

वेळ त्यांना ठरवू द्या. झिजेच्या संधिवातात सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो, ऱ्हुमॅटॉइड संधिवातात तो तासाहून जास्तही राहतो; गोळीचा असर कधी असतो हेही ज्याचं त्याला माहीत. ‘दिवसातले तुमचे बरे दोन तास कुठले?’ विचारा. पण यात एक गोम आहे: सगळ्या मुलाखती बऱ्या तासांत झाल्या तर तुमच्या हाती बऱ्या तासाचंच सांगणं येतं. त्याला उतारा म्हणून सात दिवसांची छोटी रोजनिशी द्या. रोज तीन ओळी, मोठ्या रेघा. लिहिता येत नसेल तर ठरलेल्या वेळी फोन करून तुम्ही लिहून घ्या.

बसायला हात असलेली, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, बैठक साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर उंच. तुम्ही समोर, मीटरभर अंतरावर, आणि उजेड तुमच्या तोंडावर, कारण ऐकू कमी येणारे ओठ बघून ऐकतात. आवाज चढवू नका. ओरडल्याने शब्द फाटतात. खालच्या पट्टीत सावकाश बोला. कानयंत्र लावलंय का ते बघा. ध्वनिमुद्रक त्यांच्याजवळ, हाताच्या अंतरावर, खाली कापड ठेवून. पंखा बंद करता येत नसेल तर त्याच्यापासून लांब. तीस सेकंद मुद्रण करून ऐकल्याशिवाय सुरुवात करू नका.

दर पंधरा-वीस मिनिटांनी तुम्हीच म्हणा, ‘जरा उभं राहायचं का?’ पाहुण्यासमोर उठायचं कसं, म्हणून माणसं तासभर कळ सोसत बसतात आणि दुसरा दिवस अंथरुणात काढतात. एका बैठकीला ४० ते ६० मिनिटं पुरेत. एका तासाच्या दोन भेटी दोन तासांच्या एका भेटीपेक्षा चांगल्या, आणि दुसऱ्या भेटीत ‘त्या दिवशी सांगायचं राहिलं’ असं जे येतं ते पहिल्या भेटीत येत नसतं.

घरातलं कोणी शेजारी बसलं तर ते उत्तरं देणारच. हाकलू नका. ‘तुमचंही मला नंतर ऐकायचंय’ म्हणून वेगळी वेळ द्या. तरीही बसले तर कोण काय बोललं ते उताऱ्यात वेगळं दाखवा आणि म्हाताऱ्या माणसाने कुठे वाक्य अर्धवट सोडलं तेही टिपा.

निघाल्यावर पंधरा मिनिटांच्या आत वहीत लिहा: उठताना कुठे हात टेकला, कुठल्या विषयावर पाय चोळायला लागले, ध्वनिमुद्रक बंद केल्यावर काय म्हणाले. शेवटचं मात्र त्यांना विचारूनच वापरा. दुसऱ्या दिवशी फोन करून तब्येत विचारा.

८. स्मृतिभ्रंश असेल तर

पहिल्याच प्रकल्पात हा गट न घेतलेला बरा. घेतलाच तर एवढं पाळा. प्रश्न आत्ताचेच विचारा. ‘गेल्या महिन्यात’ विचारण्यात अर्थ नसतो. सौम्य ते मध्यम अवस्थेत ‘आत्ता इथे दुखतंय का?’ याला बरेच जण नीट उत्तर देतात, फक्त वाट बघावी लागते. बोलणं बंद झालेलं असेल तर पेनॅड ही निरीक्षणाची श्रेणी आहे, २००३ ची: श्वास, आवाज, चेहरा, देहबोली आणि समजूत घातल्यावर शांत होणं, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. तिच्यावरून वेदनेची शक्यता कळते, अनुभव नाही. सांभाळणाऱ्या व्यक्तीचं सांगणं हा सांभाळणाऱ्याचाच अनुभव आहे. तो आजीच्या नावावर खपवू नका.

९. लिहून काढणं

एका तासाच्या मुद्रणाला सहा ते आठ तास धरा, नवख्याला जास्तच. बोली जशीच्या तशी ठेवा. ‘दुखतया’चं ‘दुखते’ करू नका. विराम, हसणं, ‘आई गं’ कंसात नोंदवा. आवाजावरून आपोआप टाईप करणारी साधनं दात नसलेल्या, थांबत थांबत बोलणाऱ्या माणसापुढे गडबडतात, आणि मुद्रण परक्या सर्व्हरवर जात असेल तर तुम्ही दिलेलं गुप्ततेचं वचन मोडतं. नावं पहिल्याच मसुद्यात बदला. खऱ्या-खोट्या नावांची यादी वेगळ्या, कुलूपबंद फाईलमध्ये.

१०. संकेतन

संकेतन म्हणजे उताऱ्यातल्या प्रत्येक तुकड्याला, त्यात काय चाललंय ते सांगणारं छोटं नाव (संकेत) देणं. उदाहरणासाठी रचलेला एक उतारा घेऊ:

‘नाही, तसं काही नाही. दुखतं म्हणजे… (हसतात) ते आता घरातलंच झालंय. सकाळी मी आधी उजवा पाय खाली सोडते, मग त्याला विचारते, काय रे बाबा, येतोस का? आला तर उठते. मुलाला नाही सांगत. त्याला कामावर जायचं असतं.’

पहिल्यांदा संकेतन करणारा इथे लिहितो: गुडघेदुखी, सकाळचा त्रास, कुटुंबाला न सांगणं. गुडघा तर उताऱ्यात नाहीच! तो आपण आपल्या डोक्यातून घातला. आणि ‘सकाळचा त्रास’ ही फाईलीची चिठ्ठी झाली; आत काय आहे ते तिच्यावरून कळत नाही.

परत वाचा. सुरुवात ‘नाही’ने होते आणि त्या नाहीच्या मागोमाग अख्खं वर्णन येतं. पायाला वेगळं माणूस केलंय, त्याच्याशी वाटाघाट चालते. गप्प राहण्याचं कारण लाज नाही, मुलाची कामाची वेळ आहे. मग संकेत असे होतात: आधी नाकारून मग सांगणं, अवयवाशी बोलणी करणं, दुसऱ्याच्या वेळेसाठी गप्प राहणं. संकेत ‘-णं’ने संपवायची सवय लावून घ्या, कृती पकडली जाते. मग बाकीच्या मुलाखतींत शोधा: ‘नाही’ने सुरू होणारी उत्तरं आणखी कुठे आहेत? कुठल्या प्रश्नावर?

वीस मुलाखतींपर्यंत साधी एक्सेलची वही पुरते; स्तंभ चार: उतारा, संकेत, कोणाची मुलाखत, माझी शंका. सॉफ्टवेअर शिकण्यात महिना घालवू नका. निदान दोन मुलाखतींचं संकेतन दुसऱ्या कोणाकडून स्वतंत्रपणे करून घ्या आणि जिथे पटत नाही तिथे बसून बोला.

सूत्र म्हणजे विषय नव्हे. ‘औषधं’ हा विषय झाला. ‘गोळी कधी घ्यायची हे पुढे कुठलं काम आहे त्यावरून ठरतं, किती दुखतंय त्यावरून नाही’ हे सूत्र. वाक्य होत नसेल तर सूत्र अजून तयार नाही.

११. अहवाल आणि परत जाणं

मुलाखतींच्या संशोधनासाठी कोरेक ही २००७ ची ३२ मुद्द्यांची तपासयादी आहे. ती शेवटी भरायची नसते. मुलाखत कोणी घेतली, आधीची ओळख होती का, किती जणांनी नकार दिला, तिथे आणखी कोण हजर होतं, हे सगळं ती विचारते. सुरुवातीलाच छापून वहीत चिकटवा.

अहवाल दुसऱ्या भाषेत असेल तर ठणका, कळ, सल हे शब्द मूळचेच ठेवून एकदा अर्थ द्या. नाव बदललं तरी व्यवसाय, आजार आणि मुलांची संख्या एकत्र आली की ओळखीचे लोक माणूस ओळखतात. त्यातलं एक तरी गाळा.

ज्यांनी वेळ दिला त्यांना सारांश द्यायचा असतो. दोन पानं, मोठी अक्षरं, ‘सहभागी’ असले शब्द न वापरता; वाचता येत नसेल तर जाऊन वाचून दाखवायचा. तो पाठवण्याआधी प्रत्येक घरी फोन करा. मुलाखत आणि अहवाल यांत वर्ष-दीड वर्ष गेलेलं असतं आणि या वयात यादीतली एक-दोन नावं कमी झालेली असू शकतात. अशा घरी सारांश टपालाने टाकायचा नाही. हवाय का ते घरच्यांना विचारायचं, आणि ध्वनिफीत मागितली तर काय करायचं हे संमतीपत्रकात ती व्यक्ती असतानाच विचारून ठेवलेलं असायला हवं.